विनिफ्रेडला इजा होता कामा नये

आमच्या मासेमारीच्या क्लबात एक खुनी आहे. तो आपल्याशेजारी बसून चहा पितो, "काय, लागलं का काही?" असं हसत विचारतो, आणि त्यानं गळाच्या दोरीला घट्ट अडकवलेलं शिसं एखाद्या माशाच्या ओठाला लोंबकळत पाण्याखालच्या मुळांत गुंतून पडलंय, हे त्याच्या गावीही नसतं.

हे मी क्लबाच्या वार्षिक सभेत उभं राहून म्हणालो. सभा पबच्या मागच्या खोलीत होती. सगळे आपापल्या ग्लासात बघत राहिले. एका कुत्र्यानं तेवढी मान वर केली.

आम्ही कार्प मासे पकडतो, ओल्या गादीवर निजवतो, वजन करतो, फोटो काढतो आणि परत पाण्यात सोडतो. खात नाही. त्यामुळे तळ्यातला प्रत्येक मोठा मासा सगळ्यांच्या ओळखीचा, आणि प्रत्येकाला नाव. म्हणून माझं म्हणणं साधं आहे. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, तुटलाच, तर शिशाचं वजन आपोआप गळून पडलं पाहिजे. आणि गळाला उलटा काटा नको, म्हणजे तो ओठातून अलगद निघतो. एवढी माणुसकी हवीच. (माशांच्या बाबतीत हिला काय म्हणावं, ते मला अजून सुचलेलं नाही.)

खरं सांगायचं तर हे सगळं विनिफ्रेडसाठी.

विनिफ्रेड वयानं माझ्याहून मोठी. अंगावर खवले जवळजवळ नाहीत, फक्त कुशीवर एक ओळ, ओव्हरकोटाच्या बटणांसारखी. क्लबाच्या लाकडी खोपटात भिंतीवर प्रत्येक सभासदाचा तिला कवेत घेतलेला फोटो आहे. माझा नाही. मी तिला एकदाच पाहिलंय, ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी, लव्हाळ्यांपाशी. पाणी जरा फुगलं, बटणांची ओळ वर आली, तिरप्या उन्हात तांब्यासारखी उजळली, आणि पाणी पुन्हा सपाट झालं. तेव्हापासून मी कुठेही असलो तरी थोडासा तिथेच उरलेला असतो. ऑफिसात कुणी पडदा ओढला, की मला वाटतं पाणी फुगतंय. ब्रायनीचा हात हातात असतानाही कधी कधी तळवा उगाच गार आणि ओला वाटतो. (हे ब्रायनीला सांगितलेलं नाही. ती बायको आहे, समजून घेईल असं नाही.)

रविवारपासून तळं विणीसाठी बंद होणार होतं, ते थेट उन्हाळ्यात उघडणार. त्या वयाच्या माशाचा काय भरवसा? म्हणजे जे काय व्हायचं ते या शनिवारी.

म्हणून शुक्रवारी मी ठरवलं, की गळाची नवी जोडणी घरीच तपासून घेऊ. बस, एवढंच ठरवलं होतं.

तपासणीसाठी माशासारखं ओढणारं, स्वतःच्या मनानं चालणारं काहीतरी हवं होतं. ब्रायनी वर अंघोळीला गेली होती. खाली दोघंच होते: पाहुणचाराला आलेल्या सासूबाई आणि नॉर्मन. सासूबाई सोफ्यावर झोपल्या होत्या. नॉर्मन म्हणजे आमचा आपोआप फिरणारा केर काढायचा यंत्रोबा. मी नॉर्मनला निवडलं.

गळ नॉर्मनच्या ब्रशपाशी अडकवला, शिसं सोफ्याच्या पायामागे खोचलं, गळाची काठी दारात स्टँडवर ठेवली आणि मासा ओढू लागला की वाजणारा अलार्म चालू केला. नॉर्मन ओढणार, शिसं त्याला धरणाऱ्या चिमट्यातून सुटणार, मी टाळ्या वाजवणार.

नॉर्मननं ओढलं. शिसं सुटेना. चिमट्यावरची रबराची टोपी मी जरा जोरात दाबून बसवली होती. (हो, सभेत त्या खुन्याबद्दल बोलणारा तो मीच.) नॉर्मन घुरघुरला, एका जागी थरथरला, आणि गळ त्याच्या ब्रशमधून निसटून सोफ्याच्या दिशेनं उडाला. सासूबाईंच्या स्वेटरच्या बाहीत जाऊन बसला. त्या दचकून उठल्या, हात वर केला, तंगूस ताणला गेला, अलार्म किंचाळला.

अलार्म वाजला की कार्पवाल्याचा मेंदू बंद पडतो आणि हात चालू होतात. मी काठी उचलून झटका दिला.

"कॉरिन," सासूबाई हात हवेत धरून म्हणाल्या, "हे काय चाललंय?"

"ओढू नका, ग्वेंडा. दमाल."

"मी ओढत नाहीये. तू ओढतोयस."

मी धावत गादी आणि गळाच्या जखमेवर लावायचं जंतुनाशक आणलं, गादीवर किटलीतलं गार पाणी ओतलं, त्यांच्यापुढे गुडघे टेकले आणि सवयीनं पुटपुटलो, "शांत हो, विनिफ्रेड, शांत. आता सोडतो तुला."

नॉर्मन भिंतीला धडका देत होता.

"विनिफ्रेड कोण?"

"तसं काही नाही. म्हणजे, आहे. पण तिला अजून हातही लावलेला नाही मी."

"अजून?"

"बाकी सगळ्यांनी लावलाय."

सासूबाईंनी जिन्याकडे तोंड करून हाक मारली. ब्रायनी डोक्याला टॉवेल गुंडाळून खाली आली. तिनं आईकडे, गादीकडे, माझ्या हातातल्या जंतुनाशकाच्या बाटलीकडे पाहिलं आणि पायरीवर बसली.

"आई, विनिफ्रेड मासा आहे."

"मग तर जास्तच वाईट," सासूबाई म्हणाल्या.

गळ मात्र दोन बोटांनी निघाला, लोकरीचा एक धागाही न तुटता. "बघितलंत? उलटा काटा नाही ना त्याला," मी म्हणालो. (वजन करायचा मोह मी आवरला.)

"उद्या मीही येते," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या पोरीचा शनिवार रविवार कुणापायी वाया जातो, ते एकदा बघून घेते."

शनिवारी तळ्यावर डॉ. पास्क यांनी माझी जोडणी तपासली. या निवृत्त दंतवैद्य आणि क्लबाच्या तपासनीस. त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय कुणाचा गळ पाण्यात पडत नाही. त्यांनी चिमटा ओढून पाहिला. शिसं टपकन खाली पडलं.

"छान. गळ जरा लहान नाही का?"

"जखम लहान होते."

"आणि आमिषाची गोळी बांधायचा दोरा एवढा लांब?"

"गळापासून जितकी लांब, तितकी तिला भीती कमी."

"हं," त्या म्हणाल्या. दंतवैद्य म्हणतात तसं.

दिवसभर काही झालं नाही. सासूबाईंनी थर्मास संपवला, सँडविच संपवले, माझी मापं काढायचा साठाही जवळजवळ संपवला. ऊन कलू लागलं तसं लव्हाळ्यांपाशी पाणी फुगलं.

मी सासूबाईंचा हात धरला. त्यांनी सोडवला नाही.

बटणांची ओळ वर आली, एक एक करून, कुणी सावकाश कोट घालावा तशी. माझ्या गोळीच्या अगदी वर. मी मनात म्हणालो, घे. काही होणार नाही तुला, मी बांधलंय ते. एकदाच तुझं वजन माझ्या हातांवर येऊ दे, मग जा. पाणी मिटलं.

"देखणी आहे रे," सासूबाई हळूच म्हणाल्या.

अलार्म एकदाच वाजला. मी काठी उचलली. पलीकडे काहीच नव्हतं. तंगूस गुंडाळला तर गळ स्वच्छ, गोळी गायब.

उजेड सरेपर्यंत आम्ही पाण्याकडे बघत बसलो. मग डॉ. पास्क फाटक लावायला आल्या.

"एक विचारू?" मी म्हणालो. "ती कधी येईल का हो माझ्याकडे?"

"तुझ्याकडे? दर शनिवारी येते. मी पलीकडच्या झाडावर चढून बघते ना. गोळी खाते, गळ थुंकते, पुढच्या गोळीकडे वळते. तुझं खाऊन असं पोट भरतं तिचं, की दोन दिवस या काठावरून हलत नाही. म्हणून तर आम्ही सगळे सोमवारी येतो."