नेट बंद, मुलगी दाखवणं चालू

रविवारी सकाळी मल्लाप्पा शेटे मुलगी विद्याश्रीला आणि एका पाहुणीला घेऊन राजारामपुरीतल्या नेट कॅफेसमोर पोहोचले, तर मालक इकबाल शटर खाली ओढत होता.

"अण्णा, सरकारनं जिल्ह्याचं नेट बंद केलंय. कसली तरी अफवा उठलीया म्हणं."

"आरं, पावणा तिकडं अमेरिकेत कॅमेऱ्यासमोर बसलाय की!"

"बसू दे. आपल्याला दिसणार न्हाय."

पावणा म्हणजे शिकागोतला बसवेश. त्याची मावशी नीलम्मा हे स्थळ घेऊन कुरुंदवाडहून आली होती. विद्याश्रीला तो कॅमेऱ्यावर बघणार होता.

"आजच दाखवायला पायजे, अण्णा," नीलम्मा म्हणाली. "उद्या त्यो बेळगावची पोरगी बघणार हाय. तिथं नेट चालू हाय."

बेळगावचं नाव निघताच मल्लाप्पांचं डोकं तापलं. "नेट बंद हाय, फोन न्हवं! मुलगी फोनवर दाखवायची!"

घरी येऊन बसवेशला तसा निरोप दिला. त्याचा फोन आला, स्पीकर चालू झाला आणि भरजरी साडीतली विद्याश्री चहाचा ट्रे घेऊन टेलिफोनसमोर उभी राहिली. दुकान बंद असल्यानं इकबालही सल्ला द्यायला येऊन बसला होता.

"मामा, मला काही दिसत नाही," बसवेश म्हणाला.

"मी सांगतो की!" मल्लाप्पांचा जन्म गुळाच्या अडतीत, माल पारखण्यात गेलेला. डोळे मिटून त्यांनी सुरुवात केली, "रंग सोनेरी. डाग न्हाय, भेसळ न्हाय. कण असा रवाळ—"

"अप्पा!" विद्याश्री ओरडली.

नीलम्मानं रीतीप्रमाणं सांगितलं, "पोरी, चालून दाखव."

ती चालली. बसवेशला ऐकू येईना. "जोरात चाल!" असं तिघांनी फर्मावल्यावर ती रागानं पाय आपटत गेली. कपाटावरची स्टीलची पातेली खाली आली.

"आता आलं," बसवेश घाबरून म्हणाला.

"मग आता त्यांनी चालायचं," विद्याश्री म्हणाली.

"मुलगा कुठं चालतो व्हय?" नीलम्मा चमकली, पण मल्लाप्पांना ते पटलं. माल दोन्हीकडचा पारखायला हवा. बसवेशनं बूट घातले आणि लाकडी जमिनीवर चालू लागला.

"ऐकू येत न्हाय! जोरात!" सगळे ओरडले.

धप, धप, धप आवाज आला. मग कुणीतरी दार ठोकल्याचा आवाज आणि जाड आवाजातलं इंग्रजी. तिकडं रात्र होती, आणि खालच्या मजल्यावरच्या माणसानं पोलीस बोलावले होते.

फोनमधून ओरडणारी ही टोळी कुठली, असं पोलीस विचारू लागला. विद्याश्री पेठ वडगावच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. स्पीकर बंद करून, रिसीव्हर कानाला लावून तिनं मुलगी बघण्याची पद्धत, नेटबंदी आणि चालण्याचं कारण समजावलं.  पोलिसाला तिची दया आली.

"काय म्हणतोय?" मल्लाप्पांनी विचारलं.

"मुलगा दिसायला कसा हाय ते सांगू का, म्हणतोय."

"नगं! ठेव फोन!" नीलम्मा किंचाळली.

विद्याश्री ऐकत राहिली. "उंची बरी हाय. वर कोट-टाय, खाली फुलाफुलांची हाफ पँट. आणि…"

"आणि काय?"

"डोक्यावर केस न्हाईत म्हणं."

फोटोत तर केस वाऱ्यावर उडत होते! सगळ्यांनी नीलम्माकडं बघितलं. तिनं तोंडाला कप लावला. "फोटो जुना असंल. मी काय रोज केस बघाय जाते व्हय?"

मल्लाप्पा फोन आपटायला धावले, पण विद्याश्रीनं रिसीव्हर सोडला नाही. आता पलीकडून बसवेश बोलत होता. "मी सांगणारच होतो हो. मावशीनं शपथ घातली. केसांचा टोप आणून ठेवलाय, पण तो घालण्याआधीच पोलीस आत आला."

विद्याश्रीला हसू फुटलं. तिकडं बसवेशही हसला. त्याच्यामागं पोलीसही खो-खो हसताना ऐकू आला.

"अप्पा," ती डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही सगळी जरा भाईर बसता का?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इकबाल धापा टाकत आला. "अण्णा, नेट चालू झालं! चला, पावणा बघून घ्या!"

आतल्या खोलीत विद्याश्रीनं रिसीव्हरवर हात ठेवला. "चाचा, आणि चार दिस बंदच असू दे की. ह्यांचं बोलणं लई ग्वाड हाय."

इकबालनं मल्लाप्पांकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघतोस?" मल्लाप्पा म्हणाले. "बाजारात निरोप द्यायचाय, तर कालपास्नं मलाच फोन मिळंना झालाय!"