दोराभर माया

टेलरमास्तरांच्या दुकानावर सोमवारी सकाळी पाटी लागली, 'आठ दिवस नवीन माप घेतले जाणार नाही.' पाटीखाली दार मात्र सताड उघडं होतं आणि आत मास्तर एका इलेक्ट्रिक गिटारची छाती मोजत होते. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याने जाणारा माणूस पाटी वाचायचा, आत डोकावायचा आणि आपलं काही चुकलं तर नाही ना म्हणून पुन्हा पाटी वाचायचा.

"छाती साडेतेरा, कंबर साडेनऊ," मास्तरांनी खाकी कागदावर खडूनं लिहिलं. "अगं, मानेची लांबी घ्यायची की घेर?"

"माणसाच्या की लाकडाच्या?" बायकोनं काजं घालता घालता विचारलं.

याचं मूळ आदल्या संध्याकाळी होतं. मास्तरांची मुलगी, वय वर्षं वीस, घरात सगळे तिला बटण म्हणत, आरशासमोर उभी राहून गिटारचा सराव करत होती. पुढच्या रविवारी तिच्या संगीतवर्गाचा कार्यक्रम होता आणि त्यात ती पहिल्यांदाच एकटी वाजवणार होती, चांगली आठ मिनिटं. मास्तरांना त्या सुरांतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांना दिसलं ते एवढंच की लेकीचा एक खांदा वर गेलाय, पाठीला बाक आलाय, गिटारची कड बरगडीत रुततेय आणि मान इतकी जाड की तिच्या मुठीत मावत नाही.

"ही घेतलीस कुठून?"

"दुकानातून. सेकंड हँड."

"म्हणजे रेडिमेड," मास्तर म्हणाले. "आणि तेही दुसऱ्याच्या अंगाचं."

रेडिमेड या शब्दाशी त्यांचं तीस वर्षांचं वैर होतं. सगळ्यांच्या मापाचं ते कुणाच्याच मापाचं नसतं, हे ते दिवसातून दोनदा तरी बोलून दाखवत. शेकडो लोकांसमोर आपली पोर असं वाकडं अंग घेऊन उभी राहणार, हे त्यांना बघवेना.

"बाबा, गिटार अंगात घालत नाहीत."

"गळ्यात तर घालतात ना?"

यावर तिनं कपाळावर हात मारला, आणि मास्तरांनी तो होकार धरला.

सोमवारी दुपारी बटण कॉलेजातून आली तेव्हा तिची गिटार कटिंगच्या टेबलावर उसवलेली होती. जुन्या कपड्यावरून नवा बेतायचा तर टेलर आधी जुना उसवतो. त्याच रीतीनं मान एकीकडे, अंग एकीकडे, तारा ताणायच्या चाव्या एका वाटीत आणि तारांखालची चुंबकं दुसऱ्या वाटीत अशी मांडणी होती. कापलेल्या प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना मास्तरांनी एकाच रंगाचा दोरा बांधला होता. बटण स्टुलावर मटकन बसली.

"बाबा, रविवारी कार्यक्रम आहे."

"म्हणून तर पाटी लावली."

"आणि नाही झालं तर? मी तिथं हात हलवत उभी राहू?"

"तीस वर्षांत एक कपडा तारखेनंतर दिलेला नाही मी."

"एक?" आतून बायकोचा आवाज आला.

"लग्नाचा एकही नाही," मास्तरांनी दुरुस्ती केली.

मग त्यांनी लेकीचं माप घेतलं. खांदा ते कंबर, कंबर ते कोपर, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पंजा. त्यांना एकेक गोष्ट नव्यानं कळत होती आणि प्रत्येक गोष्टीचं नवल वाटत होतं. गिटारचं अंग बाईच्या अंगरख्यासारखं कंबरेत घेतलेलं असतं, पण दोन खांदे सारखे नसतात, ते का? मानेवर एकवीस आडव्या तारा ठोकलेल्या असतात, त्या वरती लांब लांब आणि खाली येता येता जवळ जवळ, ते का? बटण म्हणाली, त्यांना फ्रेट म्हणतात आणि तसंच असतं. मास्तर म्हणाले, चुण्या घेताना आम्हीही असंच करतो.

कटिंगच्या टेबलाला एका बाजूनं जाड सागवानी फळी जोडलेली होती. गिटारचं नवं अंग आणि नवी मान, दोन्ही तिच्यातून निघाली. कापायला शेजारचा सुतार करवत घेऊन आला. तो कुणाच्याही कामात हात घालायला एका पायावर तयार असे, कारण स्वतःच्या कामात त्याला गिऱ्हाईक बोलत असे.

"मास्तर, एक लक्षात ठेवा," त्यानं फुंकर मारून भुसा उडवला. "लाकूड आटतं बरं."

"आटतं?"

"मग? कापडासारखंच."

झालं. सुतार सहज बोलून गेला आणि मास्तरांच्या डोक्यात दिवा लागला. जे कापड आटतं त्याला टेलर माया सोडतो. शिवणीच्या आत थोडं कापड जास्तीचं ठेवायचं, म्हणजे पुढंमागं कपडा घट्ट झाला तर उसवून सैल करता येतो. माया न सोडणारा टेलर मास्तरांच्या मते टेलरच नव्हे. तेव्हा नव्या मानेवर फ्रेट ठोकायच्या खुणा करताना त्यांनी जुन्या मानेवरून अंतरं घेतली आणि प्रत्येक अंतरात दोराभर माया सोडली. एका दोऱ्यानं काय होतंय, असा त्यांचा हिशोब होता. मान अंगात जिथं बसते ती खाचही त्यांनी हात सैल सोडून जरा ऐसपैस कोरली.

मंगळवार, बुधवार, गुरुवार. दुपारी मास्तर लाकूड घेऊन सुताराकडे रंधा मारायला जात आणि संध्याकाळी भुशानं पांढरे होऊन परत येत. गिऱ्हाइकं फक्त बघायला येऊ लागली. कुणी म्हणालं पाळणा आहे, कुणी म्हणालं टेलरमास्तर इस्त्रीची फळी करतायत आणि बिघडली. निवृत्त हेडबाई न्हाणीघराच्या खिडकीचा पडदा न्यायला आल्या, त्यांनी तर चष्मा पुसून घेतला.

"मास्तर, हे नक्की काय होणार आहे?"

"गिटार."

"आणि पडदा?"

"पडदा झालाय की." इस्त्री केलेला पडदा चुरगळू नये म्हणून तो काठीवर गुंडाळून द्यायची मास्तरांची पद्धत होती. काठी नंतर परत यायची. मास्तरांचं सगळं लक्ष गिटारच्या कडा घासण्यात होतं. हाताला लागली ती काठी घेऊन त्यांनी पडदा गुंडाळला आणि हेडबाईंच्या हवाली केला.

शुक्रवारी ट्रायल झाली. तारा, वायरी काही नव्हतं, नुसतं लाकूड. बटणनं पट्टा गळ्यात घातला. गिटार तिच्या कंबरेशी अशी टेकली होती की जणू तिच्याबरोबरच वाढली असावी. खांदे सरळ, पाठ सरळ, नवी बारीक मान मुठीत अलगद.

"कुठं लागतंय का? काखेत? बरगडीत?"

"कुठंच नाही, बाबा," ती म्हणाली आणि तिनं स्वतःला आरशात दोनदा बघितलं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी भुशावर ढकललं. या सगळ्यात गिटार वाजते कशी हा प्रश्न कुणाच्या मनातही आला नाही. ट्रायलला कपडा बोलत नसतो.

शनिवारी सकाळी बटणनं दोऱ्यांचे रंग बघून वायरी जोडल्या आणि तारा चढवल्या. सुतार, मास्तर आणि बायको ओळीनं उभी राहिली. तिनं एक तार मोकळी छेडली. स्वच्छ, गोल आवाज खोलीभर फिरला. मास्तरांनी सुताराकडे बघितलं. मग तिनं मानेवर बोटं ठेवून वाजवायला सुरुवात केली आणि तिचा चेहरा दाढ ठणकल्यासारखा झाला.

"नव्या चपलाही करकरतात आधी," सुतार म्हणाला.

बटणनं पट्टी आणली आणि मानेवर ठेवून बराच वेळ मोजत राहिली.

"बाबा, ही बारावी फ्रेट बरोबर तारेच्या मध्यावर यायला हवी. ती पुढं गेलीय. अंतरं कशावरून घेतलीत?"

"जुन्या मानेवरून. दोऱ्याचाही फरक नाही." मास्तर थबकले. "म्हणजे, दोऱ्याचा आहे. माया सोडलीय."

"कुठं?"

"सगळीकडे."

थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, तसे एकवीस दोरे मिळून चांगला पाव इंच झाला होता. वर जावं तसा सूर चढत जात होता. बटणनं डोळे मिटले. ती रागावली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं, पण ती नुसती म्हणाली, "फिटिंग मात्र फार छान झालंय, बाबा." ढेरपोट्या गिऱ्हाइकाला सूट वाईट दिसला की मास्तर स्वतः म्हणत, कापड मात्र फार छान आहे.

"जुनी मान बसवू," सुतार म्हणाला. "अंग नवं, मान जुनी. जाड आहे ना? मागून रंधा मारतो. तासाभराचं काम. आणा इकडे."

मास्तरांनी टेबलाखाली बघितलं. चिंध्यांच्या गाठोड्यात बघितलं. कपाटामागं बघितलं. शेवटी ते आपल्या उजव्या हाताकडे बघत उभे राहिले, कारण त्या हातानं परवा काय उचललं होतं ते त्यांना आठवलं होतं.

हेडबाईंच्या दाराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, बाई लेकीकडे गेल्यात, उद्या येतील. तो सगळा दिवस बटण हवेतच बोटं फिरवून सराव करत होती, आणि तिच्याकडे बघायला लागू नये म्हणून मास्तर उगाच मशीनला तेल घालत होते.

रविवारी सकाळी नऊला हेडबाईंनी दार उघडलं. मास्तर, बटण आणि सुतार तिघंही दारात उभे.

"बाई, पडद्याची काठी," मास्तर म्हणाले.

"लावली की," हेडबाई कौतुकानं म्हणाल्या आणि तिघांना न्हाणीघराकडे घेऊन गेल्या. खिडकीत जुनी मान आडवी बसली होती आणि तिच्यावर पडदा झुलत होता. चाव्यांच्या भोकांतून बाईंनी दोरी ओवली होती. "भोकं पाडून दिलीत ते फार सोयीचं झालं. फक्त जराशी अपुरी पडते, कागदाची घडी कोंबलीय."

"ती माझी मान आहे," बटण म्हणाली.

हेडबाईंनी तिच्या गळ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. सगळं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "घेऊन जा बाळा. पण खिडकी उघडी ठेवून मी आंघोळ कशी करू?"

मास्तरांनी बगलेतली नवी मान पुढं केली. तारा आणि चाव्या काढून, नमुना म्हणून त्यांनी ती बरोबर आणली होती. सुतारानं ती खिडकीत लावून बघितली. कागद नाही, घडी नाही, दोन्ही टोकं टच्च बसली.

"ही बघा," हेडबाई म्हणाल्या. "पहिल्यांदाच अशी द्यायची नाही का?"

मग धावपळ झाली. सुतारानं जुन्या मानेच्या पाठीवर रंधा मारला, मास्तर रंध्याच्या दर दोन फेऱ्यांनंतर लेकीची मूठ लावून बघत होते. चाव्या जुन्या मानेवर परत बसल्या. खाच ऐसपैस होती, मान डुगडुगायला लागली, तिथं मास्तरांनी कॉलरच्या आत घालायचं ताठ बकरम दुमडून ठासलं. तारा ज्यावर टेकतात ती घोडी बटणनं पट्टीनं मोजून थोडी सरकवली. चार वाजता तिनं वाजवलं. तिचा चेहरा जागच्या जागी राहिला. मास्तर खुर्चीवर बसले ते थेट आंघोळीच्या वेळीच उठले.

सभागृहात ते दुसऱ्या रांगेत बसले. बटण रंगमंचावर आली आणि दिव्याखाली उभी राहिली, खांदे एका रेषेत, पाठ ताठ. पहिली चार मिनिटं मास्तर नुसते तिच्या उभं राहण्याकडे बघत होते आणि फार सुखात होते. मग त्यांची नजर गिटारवरून शर्टावर गेली. गडद निळा शर्ट, खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर, बाहीला एक सुरकुती नाही. असा शर्ट त्यांनी शिवला नव्हता. आठ दिवस त्यांनी काहीच शिवलं नव्हतं. पोरीला कार्यक्रमाला घालायला काही आहे का, हे त्यांनी विचारलंही नव्हतं. पुढची चार मिनिटं त्यांना ऐकूच आली नाहीत. टाळ्या पडल्या तेव्हा बायकोनं कोपर मारलं म्हणून त्यांनी हात वाजवले.

बाहेरच्या व्हरांड्यात बटण धावत आली. "बाबा, कसं झालं?"

मास्तरांनी तिच्या शर्टाची खालची कड धरली, उलटी केली आणि बाजूची शिवण दिव्याकडे धरून बघितली. आत जास्तीचं कापड जवळजवळ नव्हतंच. शिवण संपली की कापड संपलं होतं. तरी शर्ट बसला होता.

"छान बसलाय," ते म्हणाले. एवढं बोलायला त्यांना फार जड गेलं. "शिकण्यासारखं आहे या रेडिमेडवाल्यांकडे. कुठल्या दुकानातला?"

बटणनं आईकडे बघितलं.

"आपल्याच," बायको म्हणाली.

मास्तरांनी शिवण सोडली नाही.

"तुम्ही दुपारी सुताराकडे जात होतात. मशीन मोकळंच असायचं."

"कटिंग कुणी केलं?"

"तीस वर्षं समोर बसून काजं घालतेय मी. डोळे मिटून घालत नाही."

मास्तरांनी शिवणीवरून पुन्हा अंगठा फिरवला. टाके बारीक होते, सरळ होते, त्यांच्या स्वतःच्या टाक्यांहून किंचित सरळ.

"पण माया का नाही सोडलीस?"

"घरात होती नव्हती ती सगळी तुम्ही त्या लाकडात घातलीत," ती म्हणाली. "मला कुठून उरणार?"

मास्तरांनी लेकीच्या शर्टाची कड सारखी केली आणि बायकोकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून कटिंगला तू बस. काजं मी घालतो."

"बघू," बायको म्हणाली. "आधी एक घालून दाखवा."