दोन बोटं वर

टण्ण!

दुपारच्या सामसूम घरात पाना लाकडी जमिनीवर पडला आणि बैठकीच्या खोलीतली तीन मोठी माणसं जागच्या जागी गोठली. पलीकडच्या खोलीत चार वर्षांच्या ब्रिनाने कूस बदलली, काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा गाढ झोपली. सगळ्यांनी श्वास सोडला.

"तुला साधा पाना धरता येत नाही," येर्नेया कुजबुजली.

"मी सायकल धरू की पाना?" मात्याझही कुजबुजला. त्याने पुढचं चाक दोन गुडघ्यांत आवळून धरलं होतं आणि सायकलवर त्याची बायको येर्नेया बसली होती.

सायकल बैठकीच्या खोलीत आली हीच मुळात मोठी सवलत होती. बाहेर सकाळपासून पाऊस, आणि शेडमध्ये बटाटे पसरलेले. सासूबाईंनी, म्हणजे त्सिल्काबाईंनी, दोन अटी घातल्या होत्या. चाकांना जुने लोकरी मोजे. आणि माणूस कोणीही असो, पायात घरातल्याच सपाता. त्या सपाता त्यांनी स्वतः शिवलेल्या. वर दुहेरी नमदा, खाली बुचाचा जाडजूड तळवा. जमिनीतली थंडी गुडघ्यात चढते, असं त्यांचं मत होतं, आणि त्यांच्या मतांशी गावात कोणी वाद घालत नसे.

प्रश्न येर्नेयाच्या रविवारचा होता. ब्रिना झाल्यापासून ती डोंगरावर पोचलीच नव्हती. या वसंतात दोनदा निघाली आणि दोन्हीदा अर्ध्या वाटेवरून परतली, मनगटं बधिर, कंबर धरलेली. उद्या वेस्ना आणि बाकीच्या मैत्रिणी वरच्या विश्रामघरापर्यंत जाणार होत्या. यावेळीही ती परत फिरली, तर पुढच्या वेळी त्या तिला विचारणार नव्हत्या. रागावून नव्हे, दया येऊन. तेच तिला नको होतं.

"टाच पॅडलवर ठेव," मात्याझ म्हणाला. हे त्याने कुठेतरी पाहिलं होतं. "पॅडल पार खाली ने. आता गुडघा सरळ झाला पाहिजे."

"वाकतोय."

"म्हणजे सीट खाली आहे! इतकी वर्षं तू खुरडत चालवत होतीस."

सीट दोन बोटं वर गेली. गुडघा सरळ झाला. मात्याझने अशा चेहऱ्याने आईकडे पाहिलं, की जणू पूलच बांधला.

"पण आता हँडल खाली गेलं," येर्नेया म्हणाली. "सगळा भार मनगटांवर येतोय."

तेवढ्यात दार वाजलं. शेजारचे लोयझेकाका अंडी परत करायला आले होते. त्सिल्काबाईंनी त्यांना दारातच सपाता दिल्या, आणि खोलीत सायकल पाहिल्यावर ते काही परत जाईनात. तीस वर्षं त्यांनी सायकलवरून टपाल वाटलेलं.

"हँडल वर घे," ते म्हणाले. "पोस्टमन कधी वाकून बसलेला पाहिलायस?"

"काका, ही डोंगरावरची सायकल आहे."

"मग? डोंगरावर पत्रं येत नाहीत?"

हँडलच्या दांड्यावरच्या रिंगा काढून खाली घातल्या आणि हँडल वर आलं. वर आलं तसं जवळही आलं, त्यामुळे सीट मागे सरकवावी लागली. मागे सरकल्यावर येर्नेया पुढे घसरू लागली, म्हणून काकांनी सीटचं नाक वर केलं. ते कुठे टोचू लागलं हे काकांसमोर सांगण्यासारखं नव्हतं. या खटपटीत हँडल फिरून ब्रेक आभाळाकडे तोंड करून बसले होते, त्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही.

"छान दिसतेस गं," त्सिल्काबाई म्हणाल्या. "अगदी कोणाकडे कॉफीला आल्यासारखी."

"आता कसं वाटतंय?" मात्याझने विचारलं.

तिघांच्या तोंडाकडे पाहून ती म्हणाली, "बरं वाटतंय."

रविवारी ऊन पडलं. पहिल्या चढावरच येर्नेयाची कंबर बदकासारखी डावी-उजवी डोलू लागली. पाय खाली पोचायचा तर बोटं ताणावी लागत होती. वेस्ना मागून येत होती.

"येर्नेया, नाचतेयस का?"

"घरच्यांनी सायकल नीट करून दिलीय."

"अगंबाई! कितीजणांनी?"

"तिघांनी."

"मग तू पुढे जाऊच नकोस, चर्चमध्ये मेणबत्ती लाव आधी," वेस्ना म्हणाली. मग जरा थांबून, हळू आवाजात, "हवं तर परत जा. आम्हाला काही वाटणार नाही."

हाच तो दयेचा आवाज. येर्नेयाने हसून सगळ्यांना पुढे पाठवलं आणि गवत वाळवायच्या मांडवाखाली बसकण मारली. समोर स्वतःचेच पाय पसरलेले. पायांत सायकलचे बूट, तळवा पोळीसारखा पातळ. ती त्या तळव्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने तळव्याखाली दोन बोटं आडवी धरली आणि मोठमोठ्याने हसू लागली. कुंपणापलीकडची गाय चरायची थांबली.

सीट सासूबाईंच्या सपातांच्या मापाने बसवली होती.

तिने पाना काढला. सीट दोन बोटं खाली. मग हँडल इतकं वर कशाला, रिंगा पुन्हा वर आणि हँडल खाली. मग सीट पुढे, नाक सपाट, ब्रेक बोटांखाली. प्रत्येक वेळी थोडं चालवून पाहिलं, उतरली, पुन्हा पिळलं. कोणी सल्ला देत नसल्यामुळे काम भराभर झालं. हँडल पूर्वीपेक्षा नखभर वर ठेवलं, तेवढं मात्र लोयझेकाकांचं खरं होतं.

मैत्रिणी विश्रामघरात दुसरा चहा घेत असताना ती घामाने निथळत वर पोचली. वेस्नाने बाकावर सरकून जागा केली. उतारावर तर कंबर कुठे आहे, मनगटं कुठे आहेत, याचाही तिला पत्ता लागला नाही. पाइनच्या वासातून, ओल्या पाचोळ्यावरून ती नुसती वाहत आली. डोक्यात काही म्हणजे काहीच नव्हतं.

घरी रविवारचं सूप निवलं होतं. त्सिल्काबाईंनी ते न बोलता पुन्हा गरम केलं, म्हणजे त्या खूश होत्या.

"पोचलीस ना? मोजमाप असतं ते," मात्याझ म्हणाला.

"हँडल," कुंपणावरून खिडकीत डोकावत लोयझेकाका म्हणाले. "सगळं हँडलात असतं."

"पाय उबदार राहिले की कंबर धरत नाही," त्सिल्काबाईंनी सांगून टाकलं.

"तुम्हा तिघांमुळेच झालं," येर्नेया म्हणाली आणि सूप प्यायला लागली. तिला इतकी भूक कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

ब्रिनाने एक लांब शेवई सुर्रकन ओढून घेतली, ओठ पुसले आणि आईकडे टक लावून विचारलं,

"आई, वर गेल्यावर तुला माझी आठवण आली?"

उतारावर डोक्यात काहीच नव्हतं, हे येर्नेयाला आठवलं, आणि तिने आपल्या सुपातली सगळ्यात लांब शेवई ब्रिनाच्या सुपात सरकवली.