'परंतु' मागच्या पानावर

गुरुवारी सकाळी प्रोफेसर एजिर व्हरांड्यात बसून केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उंडे, आणि तळलेला मासा खात होते. तेवढ्यात फाटकाशी विद्यापीठाची निळी बस थांबली आणि तिच्यातून बारा माणसं उतरली. बाराही जणांच्या अंगात कोट, हातात बॅगा, आणि चेहऱ्यावर, पोहोचलो एकदाचे, असं हसू.

"आराबा," प्रोफेसर आत वळून हळूच म्हणाले, "तुझ्या माहेरचं कुणी गेलं का गं?"

"गेलं असतं तर मला नको का कळायला?" आराबाबाईंनी पडद्याआडून डोकावलं. "अगं बाई! हे सगळे जेवायला आहेत?"

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या आमच्या गावात एक रीत आहे. पाहुण्याला आधी बसायला द्यायचं, मग पाणी, मग घरच्यांची खुशाली विचारायची. एवढं झाल्यावरच 'काय काम काढलंत?' म्हणायचं. त्याआधी विचारलं तर ते हाकलून दिल्यासारखं होतं. प्रोफेसर तीस वर्षं याच किनाऱ्याचा इतिहास शिकवत होते. ते कसले रीत मोडतात! घरात पेले सातच होते, म्हणून पाण्याच्या दोन पंगती झाल्या. मग बारा जणांच्या बायका, मुलं, म्हाताऱ्या आया आणि प्रवासातली धूळ या सगळ्यांची चौकशी झाली. पाऊण तासानं प्रोफेसरांनी घसा खाकरला.

"तर मंडळी, येणं कसं केलंत?"

बाराही जण एकमेकांकडे बघायला लागले. त्यांच्यातल्या सगळ्यात उंच गृहस्थांनी, नैरोबीहून आलेल्या डॉक्टर वंजाला यांनी, खिशातून घडी केलेला कागद काढला.

"आपणच तर बोलावलंत, सर."

कागदावर लिहिलं होतं: 'पत्र मिळालं. आमचं दार उघडं आहे. सगळ्यांनी यावं. गावाला आनंद होईल. एजिर.'

"'आफ्रिकेतल्या उच्च शिक्षणात संगणकाचा वापर'," वंजाला म्हणाले. "तीन दिवसांची परिषद. यजमान आपण."

प्रोफेसरांनी शांतपणे आणखी एक पेला पाणी मागवलं, या खेपेला स्वतःसाठी.

खरं म्हणजे संगणकाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. विद्यापीठानं संगणक समिती नेमली त्या सभेला ते गैरहजर राहिले होते, आणि आमच्याकडे गैरहजर माणसालाच अध्यक्ष करायची पद्धत होती. वंजालांचं पत्र आल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं स्वच्छ नकार लिहून दिला होता. मग हे 'सगळ्यांनी यावं' आलं कुठून? कोटाची बटणं लावत ते तरातरा विद्यापीठातल्या टायपिस्ट एसिनामबाईंच्या खोलीकडे निघाले.

ती अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. अख्ख्या विद्यापीठात ईमेल जाईल-येईल असं यंत्र एकच, आणि ते एसिनामबाईंच्या ताब्यात. बाईंनी त्याला स्वतः विणलेलं पिवळं झाकण घातलं होतं. प्राध्यापक मंडळी आपापली पत्रं कागदावर लिहून आणत, बाई ती टाइप करत, मग फोन फिरवत. यंत्र एखाद्या आजारी शेळीसारखं ओरडायचं, किरकिरायचं, आणि मधूनच एकदम गप्प व्हायचं. गप्प झालं की पत्र गेलं. दहा मिनिटांत फोन तुटायचा, म्हणून पत्राला दहा ओळींच्या वर जागा नाही, असा बाईंचा नियम होता. उत्तरं आली की त्या छापून ज्याच्या-त्याच्या नावाच्या लाकडी खणात ठेवत. आज कुणाला सांगितलं तर हसू येईल, पण त्या खणात कागद दिसला की भले भले प्राध्यापक जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायचे.

"बाई! हे काय करून ठेवलंत?"

"काय केलं सर?"

"मी 'येऊ नका' लिहिलं होतं. तुम्ही 'या' पाठवलंत!"

बाई सावकाश उठल्या. त्यांनी फायलीतून मूळ पत्र काढलं आणि वाचायला घेतलं. "'प्रिय बंधो, तुम्ही व तुमचे कुटुंबीय सुखरूप असाल...' या सहा ओळी मी गाळल्या. 'आपल्या पूर्वजांनी म्हटलंच आहे...' ही म्हण गाळली. ही दुसरी म्हणही गाळली. 'आमचं दार तुमच्यासाठी सदैव उघडं आहे. तुम्ही आलात तर साऱ्या गावाला आनंद होईल.' हे ठेवलं, आणि थोडक्यात 'सगळ्यांनी यावं' केलं. पान संपलं."

"उलटा ना बाई!"

बाईंनी पान उलटलं. मागच्या बाजूला पहिलाच शब्द होता: 'परंतु'. आणि त्याखाली विश्रामगृहाचं उडालेलं छप्पर, दिवसाआड जाणारी वीज, एकुलता एक संगणक, आणि शेवटी अत्यंत नम्र नकार.

बाईंनी पान पुन्हा सुलटं केलं.

"सर," बाई म्हणाल्या, "'परंतु' पाठीमागे लपवून ठेवलात, तर मी तरी काय करणार?"

"मग पहिल्याच ओळीत नाही म्हणू? मला काय आईबापांनी वळण लावलं नाही?"

"नसतं लावलं तर बरं झालं असतं सर. बारा माणसं घरी राहिली असती."

प्रोफेसरांनी ठरवलं, पाहुण्यांना खरं काय ते सांगून टाकायचं, क्षमा मागायची, परतीची सोय करून द्यायची. ते घरी पोहोचले तर व्हरांड्यात कुलगुरू बसलेले. बसच्या ड्रायव्हरकडून त्यांना बातमी लागली होती.

"एजिर, छुपे रुस्तम निघालात! सहा देशांची परिषद आणली आणि कुणाला पत्ता नाही! उद्या सकाळी मोठ्या सभागृहात उद्घाटन. ढोलवाले मी सांगितलेत. उपमंत्र्यांनाही फोन केलाय."

"सर, पण एक गोष्ट..."

"विनय पुरे झाला!" म्हणत कुलगुरूंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. तोंडातली गोष्ट पुन्हा पोटात गेली. मागच्या अंगणात आराबाबाई आणि चार शेजारणी मोठ्या पातेल्यात भात ढवळत होत्या. विश्रामगृहाला छप्पर नव्हतं, म्हणून पाहुण्यांची व्यवस्था प्राध्यापकांच्या घरोघरी लागली. वंजाला प्रोफेसरांकडेच राहिले.

त्या शुक्रवारी वीज नसण्याची पाळी होती. सभागृहात पंखे बंद, हवेत हरमटानच्या वाळवंटी वाऱ्यानं आणलेली धूळ, आणि ढोलवाल्यांना मात्र विजेची गरज नव्हती. अर्धा तास वाजवून ते थांबले, तेव्हा प्रोफेसर व्यासपीठावर गेले. सगळ्यांसमोर सत्य सांगून मोकळं व्हायचं, असा त्यांचा निश्चय होता. त्यांनी उपमंत्र्यांना अभिवादन केलं, कुलगुरूंना केलं, गावच्या प्रमुखांना केलं, पाहुण्यांच्या सहाही देशांचं गुणगान केलं, दोन म्हणी सांगितल्या. वीस मिनिटं झाली. मग त्यांनी खोल श्वास घेतला.

"परंतु..."

"वा, वा!" कुलगुरू टाळ्या वाजवत उठले. "बाकीचं जेवल्यावर, प्रोफेसर! भात निवतोय." आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं. व्यासपीठाखाली उभ्या एसिनामबाई हळूच म्हणाल्या, "बघितलंत? मलाच बोलत होतात."

जेवणानंतर वंजाला एकटेच बाईंच्या खोलीत आले. त्यांनी दार लोटून घेतलं.

"बाई, तुम्हाला म्हणून सांगतो. या विषयावर माझे चार निबंध छापून आलेत. पण यंत्राला मी अजून हात लावलेला नाही. आमच्या ऑफिसात अकेयो नावाची मुलगी आहे, तिलाच सगळं येतं. उद्या प्रात्यक्षिक माझ्याकडे आहे. तो उंदीर की काय म्हणतात, तो धरतात कसा?"

"अकेयो का? ओळखते की," बाई म्हणाल्या. "पत्राखाली दोन ओळी आमच्या असतात ना एकमेकींसाठी. तिचं लग्न ठरलंय म्हणे जूनमध्ये."

"लग्न ठरलंय?" वंजाला खुर्चीत बसले. "मला कुणी बोललं नाही!"

संध्याकाळपर्यंत आणखी सात जण एकेकटे येऊन, दार लोटून, तेच विचारून गेले. नवव्या खेपेला प्रोफेसर एजिर स्वतः आले.

"तुम्ही पण?" बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी नऊला सगळे एकदम या. दार उघडं ठेवा. लाजायचं कशाला?"

शनिवारी वीज होती. तेरा विद्वान शाळेतल्या मुलांसारखे बाकांवर दाटीवाटीनं बसले आणि बाईंनी पिवळं झाकण काढलं. एकानं उंदीर हवेत धरून हलवला. "टेबलावर ठेवा साहेब, तो उडत नाही!" मलावीहून आलेल्या एका वृद्ध प्राध्यापकांनी आपलं नाव टाइप केलं आणि ते पडद्यावर उमटलेलं पाहून टोपी काढली. दुपारपर्यंत इतका गलका झाला की वर्गात कुणाला भूक लागल्याचं आठवेना. प्रत्येकानं स्वतःच्या बोटानं एक पत्र घरी धाडायचं ठरलं. यंत्र ओरडलं, किरकिरलं, गप्प झालं, की सगळे टाळ्या वाजवत.

प्रोफेसरांनी आपल्या कॉलेजातल्या जुन्या मित्राला लिहिलं. तो आता दक्षिणेकडे एका विद्यापीठात होता. अकरा वर्षांत दोघांची पत्रापत्री नव्हती. एका बोटानं पाऊण तास खपून ओळ झाली: 'कसा आहेस? बघ, हे मी स्वतः लिहितोय.' दोन दिवसांनी उत्तर आलं: 'कोण स्वतः?' प्रोफेसर नाव घालायला विसरले होते. तो कागद ते पुढे कितीतरी दिवस खिशात घेऊन फिरले आणि भेटेल त्याला दाखवत राहिले.

पाहुणे गेले. कुलगुरूंनी अहवालात लिहिलं की परिषद अपेक्षेबाहेर यशस्वी झाली, आणि ते अक्षरशः खरं होतं.

तीन आठवड्यांनी, एका सोमवारी, बाई खोलीत आल्या तर लाकडी खणांच्या रांगेत एक नवा खण ठोकलेला. त्यावर खडूनं त्यांचं नाव. आजवर त्यांना खण नव्हताच. आत दोन छापील कागद होते.

पहिला अकेयोचा: 'ताई, आमच्या साहेबांना तिकडे काय खाऊ घातलंत? आठच्या ठोक्याला येऊन माझ्या खुर्चीत बसतात ते उठतच नाहीत. मी दिवसभर खिडकीतून झाडं मोजते.' दुसरा मलावीच्या त्या वृद्ध प्राध्यापकांकडचं यंत्र सांभाळणाऱ्या दालित्सोचा: 'ताई, तुम्ही आमचे म्हातारे बिघडवलेत. काल त्यांनी मलाच ओरडून सांगितलं, यंत्राजवळ चहा आणू नकोस म्हणून.'

"मी वाचले नाहीत हं," यंत्रासमोरून, मान न वळवता, प्रोफेसर एजिर म्हणाले. "फक्त छापले. पण त्या दालित्सोला म्हणावं, चहाचं त्यांचं बरोबर आहे."

बाईंना हसू आवरेना. "सर, जरा सरका. दोघांनाही उत्तर टाकते. दोनच ओळी."

प्रोफेसर आता वळले. त्यांनी अतिशय आदरानं भिंतीलगतच्या बाकाकडे हात केला. तिथे भूगोलाचे, कायद्याचे आणि वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हातात कागद घेऊन बसले होते.

"बसा ना बाई. तुमचा नंबर पाचवा."

वनस्पतिशास्त्रवाल्यांनी सरकून जागा केली. बाई दोन्ही कागद मांडीवर ठेवून बसल्या. त्या खोलीत कुणीतरी त्यांना बसायला सांगण्याची ती पहिलीच वेळ होती.