तात्यांची सकाळ, तिकडची दुपार

गणपततात्यांना किती वाजले असे विचारले, की ते आधी उलट विचारतात, "हितले का तितले?"

हितले म्हणजे माले गावचे. पौडवरून मुळशीकडे जाताना हे गाव लागते. तिथे तात्यांच्या घराची मागची खोली मी भाड्याने घेतली आहे. तितले म्हणजे न्यूझीलंडच्या दक्षिणेकडच्या एका खेड्यातले. त्यांचा एकुलता मुलगा संतोष तिथे गाईंच्या गोठ्यावर कामाला आहे. तिथली घड्याळे आपल्या पुष्कळ पुढे चालतात. त्यामुळे सकाळी मी दात घासत बाहेर आलो की तात्या कळवतात, "तितं जेवनं झाली." संध्याकाळी दिवे लागले की त्याच सुरात, "तितं उद्या लागला."

"कसा हाय उद्या?" चहाच्या टपरीवर कोणीतरी विचारतोच.

"बरा हाय. गार हाय जरा."

तात्या हे चेष्टेने बोलत नाहीत.

त्या खेड्यात ते कधी गेलेले नाहीत. माहिती मात्र रोजची असते. "तितं शेजारी हायेत, पर दिसत न्हाईत. हाक मारली तर गाय बगती." किंवा, "तितं गाई रस्त्यात आल्या की गाडीवाला इंजन बंद करून बसतो. हितं शनवारी पुन्याचं पावनं म्हशीला हॉर्न वाजवत्यात. तिला काय कळतंय त्यातलं?" कुत्र्यांच्या बाबतीत त्यांनी हार मानली आहे. "तितलं कुत्रं एकटं सगळ्या गाई घरी आनतं. आमचं मला तेवढं आनतं."

तिथली एकच गोष्ट त्यांना पटलेली नाही. उन्हाळा जवळ आला की तिकडे सगळे लोक घड्याळ तासभर पुढे करतात. "सरकारनं सांगितलं, मानसांनी ऐकलं. गाईंना कोन सांगनार?"

स्वतःच्या म्हशीला मात्र त्यांनी सांगितले. संतोषच्या गोठ्यात दुपारच्या धारा सुरू होतात, तेव्हा इथे सकाळ असते. नेमक्या त्याच वेळी तात्या आपली म्हैस पिळायला बसतात. तिकडचे घड्याळ सरकले की इकडची म्हैसही सरकते. डेअरीची गाडी तोवर गावातून निघून गेलेली असते. गाडीवाल्याने काही दिवस समजावले, मग नाद सोडला. तेव्हापासून दूध रतिबाने मला आणि शेजारच्या घरी येते.

"म्हैस हितली, टाइम तितला," सुमनकाकू म्हणतात. त्या तात्यांच्या पत्नी. "चहा कुटल्या टायमाचा ठेवू तेवढं सांगा म्हंजे झालं."

धार काढताना फोन तात्यांच्या सदऱ्याच्या खिशात चालू असतो. चेहरा दिसण्याची सोय आहे, पण दोघांचेही हात गुंतलेले असतात. खिशातून तिकडच्या धारा काढायच्या यंत्राची घरघर येते, इकडून चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज जातो. मधूनमधून बोलणे. कोणती गाय लंगडते आहे, कोणाची कास सुजली, गवत किती वाढले. एकदा मी ऐकले, तात्या तिकडच्या एका गाईला हळद लावायला सांगत होते आणि संतोष नीट ऐकून घेत होता.

याचे मला नवल वाटले नसते. पण काकूंनी एकदा भांडी घासता घासता सांगितले, "हितं हुता तवा त्याला शेनाचा वास न्हाई चालायचा. म्हनून पिरंगुटच्या कंपनीत लागला. दोघं एका घरात, पर बोलायचे माझ्यातनं. ह्याला सांग, त्यांना सांग. आता म्हशीतनं बोलत्यात. बोलत्यात तरी."

दिवाळीनंतर म्हैस आटली. ती गाभण होती, आठवा महिना लागला होता. आमचा रतीब थांबला आणि मी पिशवीचे दूध आणू लागलो.

काकूंची काळजी दुधाची नव्हती. "म्हैस व्यायला अजून दोन म्हैने हायेत," त्या म्हणाल्या. "तवर काय बोलनार ही दोघं? हवापानी झालं की ठेवू का म्हनत्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर पाणी भरायला गेलो. नळ गोठ्याला लागूनच आहे. तात्या नेहमीच्या वेळी, नेहमीच्या जागी, म्हशीच्या कुशीशी उकिडवे बसले होते. गुडघ्यांत चरवी धरलेली, रिकामी. खिशातून यंत्राची घरघर येत होती.

"किती देती सध्या?" संतोषने विचारले.

"कमी आलीया. दीड लिटर."

"कितवा चालू हाय तिला?"

खोटे सांगायची त्यांना सवय नाही. "आठवा."

दिवसभर गाईंत वावरणाऱ्या माणसाला आठव्या महिन्यातली म्हैस कळते. शिवाय इकडून चरवीत काहीच वाजत नव्हते.

"बरं," तो म्हणाला. "सावकाश काढा, तात्या. मी हाय."