ठकीच्या गुलाबी पापण्या

लसूण आणि कडुनिंबाच्या रसाने मेंढ्यांच्या पोटातले जंत चौदा दिवसांत मारून दाखवतो, असं मी सासूबाईंना छातीठोकपणे सांगितलं. नाही जमलं, तर वर्षभर मेंढवाडा मी झाडेन!

योजना चोख होती. त्यांच्या बारा मेंढ्यांपैकी सहांच्या गळ्यात लाल दोरा, त्यांना रस. उरलेल्या सहांना निळा दोरा आणि नुसतं पाणी. तुलना नको का करायला? सकाळी मला ऑफिस गाठायचं, म्हणून पाजायचं काम सासूबाईंकडे.

"जावईबापू, निळ्यांनी काय पाप केलंय?"

"याला शास्त्र म्हणतात!"

चिठ्ठ्या टाकल्या आणि निळ्यांत निघाली ठकी. बायकोने बाटलीने दूध पाजून वाढवलेली! जंतांनी रक्त पिऊन तिच्या पापण्या आतून कागदासारख्या पांढऱ्या झालेल्या.

"अहो, ठकीला काही झालं ना, तर..." बायकोने वाक्य पुरं केलं नाही. ते अर्धं वाक्य डोक्यात घेऊन मी हिंडू लागलो.

रोज बूट घालण्याआधी मी ठकीच्या पापण्या उलटून पाहायचो. पाचव्या दिवशी पांढऱ्या. आठव्या दिवशी गुलाबी! दहाव्या दिवशी तिने मला अशी ढुशी मारली की मी गव्हाणीत! बायको खूश. मला मात्र दरदरून घाम! नुसत्या पाण्यावर ही बरी होणार असेल, तर माझा रस कशाला? मेंढीने मरू नये आणि बरंही होऊ नये, अशी प्रार्थना करणारा मी पहिलाच जावई असेन.

चौदाव्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी घरी येऊन, परसातच सूक्ष्मदर्शक मांडून लेंड्या तपासल्या.

"लाल गटात जंतांची अंडी नाहीत."

मी उडीच मारली!

"निळ्या गटातही नाहीत."

मी खाली आलो.

"पाण्यात काय होतं हो?" बाईंनी विचारलं. आम्ही सगळे सासूबाईंकडे वळलो.

"मला नाही बाई जमत असा दुजाभाव! चौथ्याच दिवशी तुमच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून जंताचं औषध आणलं आणि बाराही जणींना पाजलं."

"आणि माझा रस?"

"तोंड लावतील तर शपथ! परसातल्या वांग्यांना फवारला."

डॉक्टरीणबाईंनी वाकून वांग्याची पानं उलटली. "अरे वा, कीड नाही!"

माझ्या जिवात जीव आला. "सासूबाई, निम्मी वांगी बिनरसाची ठेवली असतील ना? तुलनेला?"

"निम्म्यांनी काय पाप केलंय?" म्हणत त्यांनी दारामागचा खराटा माझ्या हातात दिला.