नालोंगोच्या स्वयंपाकघराचं गुपचूप सुशोभन

कुठलंही काम धडाक्यात पार पाडायचं असेल तर ते काम जन्मात न केलेली माणसं गोळा करावी लागतात. ज्याला काम येतं तो शंका काढत बसतो. हे इथं का, ते तिथं कशाला, यातच निम्मा दिवस जातो. ज्याला काहीच येत नाही त्याला शंकाही येत नाही, आणि काम पुढं सरकतं. मसाका गावाबाहेरच्या आमच्या टेकडीवर हे लुबोवाच्या घरी एकदाचं सिद्ध झालं.

लुबोवाला टेकडीवर कुणी लुबोवा म्हणत नाही. जुळी झालेल्या बापाला आमच्याकडं साळोंगो म्हणतात आणि आईला नालोंगो, आणि हा मान मरेपर्यंत पुरतो. पोरं लांबच्या शाळेत राहायला होती. घरात दोघंच. पुढच्या खोलीत साळोंगो, मागच्या स्वयंपाकघरात नालोंगो, मधे अंगण. बावीस वर्षांच्या संसारात ते अंगण ओलांडून साळोंगो एकदाही स्वयंपाकघरात शिरला नव्हता. पुरुषानं चुलीपाशी जायचं नाही असा रिवाजच आहे. (तो कुणी पाडला याची नोंद नाही, पण पाडणारा तेव्हा जेवून बसला होता एवढं नक्की.)

तर एका सोमवारी नालोंगो भाचीच्या लग्नाला धाकट्या बहिणीकडं, मुकोनोला निघाली.

"तिच्याकडं ओटा आहे, कपाटं आहेत, धुराचं नाव नाही," पिशवी उचलता उचलता ती म्हणाली. "माझी कंबर रविवारी परत यायला तयार झाली तर येईन. नाहीतर तुम्ही आणि ती काळी खोली, नांदा सुखानं."

हे ती हसून म्हणाली की न हसता, यावर साळोंगोनं दोन दिवस विचार केला. ते दोन दिवस तो कोपऱ्यावरच्या टपरीतली अंडं गुंडाळलेली चपाती खात होता. बुधवारी सकाळी पाचवी चपाती हातात आली तेव्हा त्याची खात्री पटली, की ती हसत नव्हती.

रविवारच्या आत स्वयंपाकघर असं करायचं, की मुकोनोचा ओटा ती विसरली पाहिजे. आणि तेही गुपचूप. खर्चाला एक बोकड विकला. (बोकडाचं मत घेतलं नाही.)

मग समिती झाली. अध्यक्ष बोसा, कॉफी संघातून निवृत्त झालेला कारकून, अजून खिशाला तीन पेनं. बांधकामाला काग्वा सुतार, ज्यानं तीस वर्षं फक्त शवपेट्या केल्या आणि एकाही गिऱ्हाइकानं तक्रार केली नाही. रंगाला किबिरिगे न्हावी, कारण त्याच्या दुकानातला अर्धा डबा गुलाबी रंग उरला होता. चौघांत मिळून चुलीचा अनुभव शून्य. म्हणजे भानगड व्हायला जागाच नव्हती.

पहिला ठराव झाला, की गुप्तता राखण्यासाठी ही गोष्ट फक्त गरजेच्या माणसांना सांगावी. गरजेची माणसं सत्तेचाळीस निघाली.

दुसरा प्रश्न अवघड होता. आत जायचं कसं? रिवाज आडवा आला. चौघं उंबऱ्यापाशी बराच वेळ उभे. शेवटी बोसानं निकाल दिला, "तपासणीसाठी शिरणं म्हणजे शिरणं नव्हे," आणि तसं वहीत लिहून घेतलं. मग सगळे शिरले.

तपासणीत सापडलेल्या वस्तू आणि त्यावर समितीचा अभिप्राय असा:

मधोमध तीन काळे दगड. बांधकामातले उरलेले. बावीस वर्षं उचलले नाहीत, ही गवंड्याची हलगर्जी. धुऊन, चुना लावून फाटकाशी शोभेला ठेवावेत.

छपराखाली भिंतीला एक भोक. दोष आहे. बुजवावं.

केळीच्या सुकलेल्या सोपटांचा भारा. कचरा.

आढ्याला टांगलेले काळे मासे, नग सहा. मेलेले दिसतात.

चटई एक, मधोमध झिजलेली. का झिजली, कळून येत नाही.

"पण मग ती शिजवते कुठं?" किबिरिगेनं विचारलं.

"शिजवतच असेल की कुठंतरी," साळोंगो म्हणाला. "माझ्यापुढं तर आयतं येतं."

"तो तिचा अंतर्गत मामला," बोसा म्हणाला आणि पान उलटलं.

ओट्याची उंची ठरवताना मात्र समिती अडली. काग्वानं टेप काढला. "साळोंगो, बाई उंचीला किती?"

साळोंगोनं हात पोटाशी धरला.

"एवढीच?"

"थांब. जेवण ठेवताना ती गुडघे टेकते ना, तेव्हा एवढी असते." त्यानं हात वर नेला, खाली आणला, पुन्हा वर नेला. "उभी राहिलेली कधी नीट बघितलीच नाही रे."

मग सरासरी काढली. त्या हिशेबानं ओटा असा झाला, की त्याच्यापाशी उभं राहता येत नव्हतं आणि बसताही येत नव्हतं. कपाटं तीन झाली. सहा फुटी, लाकूड उत्तम, खांद्यापाशी रुंद आणि पायाशी निमुळती. कड्या पितळेच्या, दोन्ही बाजूंना तीन-तीन, उचलायला सोप्या.

रंग उरलेले गोळा केले. एक भिंत गुलाबी, एक शाळेच्या फाटकाची निळी, एक कुणाच्या तरी होडीची हिरवी. चौथीला तिन्ही डब्यांचा तळ एकत्र करून लावला. त्या रंगाला अजून नाव पडलेलं नाही.

शनिवारी नालोंगोचा फोन आला.

"अहो, इथलं अजून उरकलं नाही. मंगळवारी येते. तुम्ही घाई करू नका."

"बरं बरं," साळोंगो म्हणाला. आपल्याला घाई कशाची असणार, हे विचारायचं त्याला सुचलं नाही.

मंगळवारी ती आली. अंगणात अर्धी टेकडी जमलेली. दाराला किबिरिगेनं लाल फीत बांधली होती. बोसानं चार वाक्यांचं भाषण केलं, त्याची अकरा झाली. फीत कापली. नालोंगो आत गेली आणि मधोमध उभी राहिली. तिनं चारी भिंती बघितल्या. मग कपाटांकडं वळली आणि हळू आवाजात विचारलं,

"आत कोण आहे?"

काग्वानं पुढं होऊन एक कपाट उघडून दाखवलं.

"माझे चुलीचे दगड?"

"फाटकाशी," साळोंगो म्हणाला. "चुना लावलाय."

"हं. आणि हे सगळं तुम्ही केलंत? आत येऊन?"

"आम्हीच!" त्यानं छाती फुगवली. "सहा दिवस. जमीन तर मी गुडघ्यावर बसून घासली. तुला पत्ता तरी लागला का?"

"बुधवारी दुपारीच लागला. शेजारच्या नामुलीनं फोन केला. म्हणून तर दोन दिवस जास्त राहिले." तिनं पदरासारखं गुंडाळलेलं वस्त्र कमरेला घट्ट खोचलं. "म्हणजे पुरुषांना आत येता येतं."

बोसानं घाईघाईनं वही उघडली. तपासणीचा निकाल पहिल्या दिवसापुरताच लिहिलेला होता, पुढचे पाच दिवस सगळे नुसतेच शिरले होते.

"तू राहणार ना पण?" साळोंगोनं विचारलं.

"जेवून सांगते," ती म्हणाली, आणि फणसाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसली. "मटोके करा. केळी मागच्या बाजूला आहेत. सोलायची असतात."

पुढचे पाच तास टेकडीवर कुणी दुसरं काम केलं नाही. पांढरे दगड फाटकापासून परत आले. केळी सोलताना चार माणसांची सात बोटं कापली. मटोके म्हणजे कच्ची केळी पानात बांधून वाफवायची, आणि बांधायला सोपटाची दोरी लागते हे समजलं, तेव्हा भारा जाळून सहा दिवस झाले होते. किबिरिगेनं बुटाच्या नाड्या दिल्या. विस्तव पेटला आणि धुराला वाट मिळेना. आतून खोकला, मग भांड्यांचा आवाज, मग समिती दारातून एकदम बाहेर, अध्यक्ष सगळ्यांत पुढं.

"वरचं भोक!" खुर्चीतूनच नालोंगो ओरडली.

"तो दोष होता!" बोसा डोळे पुसत म्हणाला.

काग्वानं हातोड्यानं दोष पूर्ववत केला. तोवर गुलाबी, निळा, हिरवा आणि तो बिननावाचा, चारही रंग एकाच काळ्यात बसले होते.

मटोके वर कच्चं, खाली जळकं झालं. साळोंगोनं ते ताटात घालून आणलं. ताट खाली ठेवायला वाकला, तोल गेला, आणि गुडघ्यावरच आला. बायकांनी आनंदानं अशी किलकारी मारली, की झाडावरचे बगळे उडाले. नालोंगोनं एक घास घेतला. बराच वेळ चावला.

"राहते," ती म्हणाली. "पण शनिवार-रविवार तुमचा."

साळोंगोला इतका आनंद झाला, की आपण नेमकं काय कबूल केलं हे त्याला शनिवारीच कळलं.

त्यानंतरच्या महिन्यात टेकडीवरच्या एकोणीस बायका कंबर दुखते म्हणून बहिणीकडं राहायला गेल्या. त्यातल्या सहाजणींना बहीणच नाही.

आता हे वाचता वाचता जे पुरुष साळोंगोला हसले, त्यांना एक विनंती आहे. पुस्तक खाली ठेवावं, स्वतःच्याच घरात आत जावं, आणि हिंगाची डबी घेऊन यावं. बायकांनी मधे बोलायचं नाही, बोटही दाखवायचं नाही. आम्ही थांबतो, सावकाश होऊ द्या.

काय हो? उठायच्या आधीच हाक मारलीत?